चार नाच, नाचायला कोणी नाही

तू पाठवलेली पियानोची चित्रफीत पाहिली. वाजवून झाल्यावर तू कॅमेऱ्याकडे तोंड करून विचारलंस, "आजी, ह्यात प्रत्येक भाग दोनदा का वाजवायचा? एकदा वाजवला की कळतो ना?" आणि मागे तुझ्या भावाने भली मोठी जांभई दिली, तीही मला दिसली. तेव्हा हे तुम्हां दोघांसाठी आहे.

ह्या प्रश्नाचं उत्तर पुस्तकातून काढून देता आलं असतं. पण मला ते एका माणसाकडून मिळालं, म्हणून त्या माणसासकटच देते.

संगमनेरच्या कॉलेजात मी इंग्रजी शिकवत होते तेव्हा ते गणित शिकवत. कॉलेजात सगळेच सर. पण पुढे आडनाव न लावता नुसतं "सर" म्हटलं, की ते. उंच, किडकिडीत, शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली. आमच्या दोन्ही घरांमध्ये एकच कुंपण होतं आणि त्यात एक फट होती. सरांची बायको, म्हणजे माझ्या वहिनी, त्या फटीतून कढीपत्ता नेत आणि बदल्यात सरांच्या तक्रारी देत.

सर प्रत्येक वाक्य दोनदा बोलत. पहिल्यांदा साधं, दुसऱ्यांदा नटवून.

"पाऊस नाही," म्हणत. मग जरा थांबून, "पाऊस, मॅडम, जो पुण्याहून अगदी वेळेवर निघतो आणि चंदनापुरीच्या घाटात चहाला उतरतो, तो नाही."

वर्गातही तसंच. मुलं म्हणत, सरांच्या तासाला डुलकी लागली तरी बिघडत नाही, प्रमेय परत एकदा येतंच, आणि दुसऱ्या वेळी जास्त चांगल्या कपड्यांत येतं. वहिनी म्हणत, "लग्नाला होकारसुद्धा ह्यांनी दोनदा दिला. पहिला माझ्या वडिलांना कळला. दुसरा अजून कोणाला कळलेला नाही."

दुसरी सवय उशिराची. फार नाही, किंचित. घंटा झाली, मुलं बसली, बाकांचा आवाज थांबला, सगळे दाराकडे बघायला लागले, की मग सर आत येत. प्राचार्यांनी एकदा टोकलं तेव्हा म्हणाले, "ज्या गोष्टीला महत्त्व द्यायचं तिथं क्षणभर उशिरा पोचावं. महत्त्व, सर, हे घंटेबरोबर पाय आपटत येत नाही. लोकांनी मान वळवल्यावर येतं." प्राचार्य हे उत्तर सगळ्यांना वैतागून सांगत, पण पुढे मीटिंगला तेही जरा उशिराच यायला लागले.

ह्या दोन्ही सवयी सरांनी कुठून आणल्या ते मला त्यांच्या घरातल्या वाद्यामुळे कळलं.

तरुणपणी शिष्यवृत्ती मिळवून सर जर्मनीला गेले होते. गणित शिकले आणि येताना एका वाद्याचं वेड घेऊन आले. हार्प्सिकॉर्ड. तुझ्या पियानोचे आजोबा म्हण, पण स्वभावाने अगदी वेगळं. पियानोत पट्टी दाबली की हातोडी तारेवर पडते. ह्यात एक बारीक नखी वर येते आणि तार छेडून खाली जाते, जशी आपल्याकडे सतार छेडतात. सरांनी परदेशातून नकाशे मागवले, एका सुताराला रविवारी रविवारी घरी बसवलं आणि पुढच्या खोलीत ते बांधून काढलं. लांबट, एका बाजूला निमुळतं, तीन पायांचं. अर्धी कापलेली होडी कोणीतरी आणून ठेवल्यासारखं दिसे. तारा मिरजेहून आणलेल्या, सतारीच्या. नख्या कावळ्याच्या पिसांच्या.

पिसं सर स्वतः गोळा करत. पितृपंधरवड्यात गल्लीत घरोघर गच्चीवर पानं ठेवली जात, कावळे जमत, आणि सर खाली पिशवी घेऊन मान वर करून फिरत. समोरचे एक निवृत्त मास्तर गच्चीवरून ओरडले होते, "अहो सर, पलीकडे व्हा ना! आमचे वडील तुम्हाला बघून पानाला शिवत नाहीत!"

त्या वाद्याला आपल्याकडचा कोरडा उन्हाळा सोसत नसे. लाकूड आक्रसे, तारा उतरत. म्हणून घरातला एकुलता एक कूलर त्याच्या खोलीत. दाराला ओलं गोणपाट. सर आणि वहिनी मधल्या खोलीत पंख्याखाली घामाघूम.

"सवतीला कूलर, मला वर्तमानपत्राचा वारा," वहिनी फटीतून मला सांगत, सरांना ऐकू जाईल अशा बेताने. "आणि सवत तरी कशी? बोलायला लागली की दाणे सांडल्यासारखी. तड तड तड तड."

मला तो आवाज आवडायला वेळ लागला. पियानोची सवय असलेल्या कानाला तो बारीक आणि कोरडा वाटतो. तार छेडली की आवाज उमलतो आणि लगेच विरायला लागतो. त्याला लांबवता येत नाही, फुगवता येत नाही. तो मरू नये म्हणून वाजवणारा बोटाने शेजारच्या स्वराला शिवून येत राहतो, भरभर, गाणारे मुरकी घेतात तसं. तुला ज्या नक्ष्या उगाच काढल्यासारख्या वाटतात ना, त्या उगाच नाहीत. ती एका स्वराला जिवंत ठेवण्याची धडपड आहे.

आणि एक. पियानोची पट्टी जोरात दाबली की जोरात वाजते. ह्याची कशीही दाबा, आवाज तेवढाच. मला हा दोष वाटला आणि मी तसं म्हटलं.

"दोष नाही," सर म्हणाले. "दोष नाही, मॅडम, न्याय आहे. ह्याच्यापुढे जोर चालत नाही. पाटलाने दाबो की पाटलाच्या गड्याने, तार तेवढंच बोलते."

"मग भर कसा द्यायचा?"

"उशिरा येऊन," सर म्हणाले आणि त्यांनी वाजवून दाखवलं. एक स्वर, दुसरा स्वर, मग केसभर थांबून तिसरा. तो तिसरा खरंच मोठा वाटला.

सर जे वाजवत त्याला सूट म्हणतात, तू वाजवतेस तेच. म्हणजे नाचांची माळ. सगळे नाच एकाच स्वरातले, ठरलेल्या क्रमाने. मी म्हटलं, "म्हणजे पंगतीसारखं. आधी वरणभात, मग पोळी, शेवटी मठ्ठा."

सर हसले नाहीत. "पंगतीसारखं नको," म्हणाले. "चार पाहुण्यांसारखं म्हणा."

मग त्यांनी पाहुण्यांची ओळख करून दिली. पहिला जर्मन. चपला नीट काढून ठेवतो, भिंतीवरचं कॅलेंडर वाचतो, घरातल्या सगळ्यांची चौकशी करतो, मग बसतो. दुसरा फ्रेंच. पळत येतो, पण भांग मोडू न देता; आणि पळताना कोणता पाय आधी टाकला ते शेवटपर्यंत कळू देत नाही. तिसरा स्पेनकडचा. एक पाऊल टाकतो, दुसऱ्यावर थांबतो, जणू मध्येच काही आठवलं. त्याच्यासमोर कोणी मोठ्याने बोलत नाही. चौथा बेटांवरचा इंग्रज. उड्या मारतच येतो आणि बसलेल्या सगळ्यांना उठवतो.

"आणि प्रत्येकाला दोनदा का बोलवायचं?" मी तुझाच प्रश्न विचारला होता.

"पहिल्या भेटीत नाव कळतं," सर म्हणाले. थोडं थांबून, "नाव, मॅडम, आणि कपडे. माणूस दुसऱ्या भेटीत कळतो."

एवढंच उत्तर आहे. तुझ्या भावाला इथे थांबायचं असेल तर थांबू दे. पण पुढची गंमत त्याला आवडेल.

सरांनी ही माळ गावासमोर एकदाच वाजवली, निवृत्तीच्या दिवशी, आणि तीही स्वतःहून. "भाषण करणार नाही, वाजवणार आहे," त्यांनी आधीच सांगितलं होतं. वाद्य टेम्पोतून कॉलेजच्या हॉलमध्ये आलं. खाली गाद्या, वरून गाद्या, आणि मध्ये ते धरून बसलेल्या वहिनी. "लग्नात मला एवढ्या गाद्या नव्हत्या," त्या उतरताना म्हणाल्या.

आता आपल्याकडे समारंभ म्हटला की शाल आणि श्रीफळ. संस्थेचे अध्यक्ष सत्कारासाठी शाल हातावर घेऊन पहिल्या रांगेत तयार होते. त्यांना पुढे शेजारच्या अकोले गावी एका साखरपुड्याला जायचं होतं. सरांनी पहिला नाच सुरू केला. त्याचा पहिला अर्धा भाग संपतो तो अगदी थाटात, सगळं संपल्यासारखा. अध्यक्ष उठले. शाल उलगडली. दोन पावलं गेले आणि सरांनी तोच भाग परत सुरू केला. अध्यक्ष बसले. भाग संपला, अध्यक्ष उठले. दुसरा भाग सुरू झाला, अध्यक्ष बसले. पुढे ते प्रत्येक थांब्याला उठत होते आणि बसत होते, आणि मागची पोरं हळूच त्यांच्याबरोबर उठबस करायला लागली होती.

दुसरा आणि तिसरा नाच यांच्यामध्ये सरांनी कपाळ पुसायला हात वर केला आणि अध्यक्षांनी डाव साधला. शाल सरांच्या खांद्यांवर पडली, नारळ वाद्याच्या झाकणावर ठेवला गेला, फोटो निघाला, अध्यक्ष हात जोडून मागच्या दाराने गेले. सरांनी शाल तशीच ठेवून तिसरा नाच सुरू केला. तोच, ज्याच्यासमोर कोणी मोठ्याने बोलत नाही. आणि नारळ बोलायला लागला. प्रत्येक खालच्या स्वराला झाकणावर टरर, टरर. सर थांबेनात. शेवटी वहिनी उठल्या, पदर खोचला, स्टेजवर चढल्या, नारळ उचलला आणि परत येऊन तो मांडीवर घेऊन बसल्या. त्या संध्याकाळची सगळ्यात मोठी टाळी त्यांना मिळाली.

परतताना सर म्हणाले, "नारळ बेसूर होता." पुढच्या कोपऱ्यावर म्हणाले, "नारळ, मॅडम, तालात होता. बेसूर होता."

त्यानंतर सरांचं नाव झालं. एका पुढाऱ्याची माणसं गाडी घेऊन आली. पुढाऱ्याच्या मुलाचं लग्न होतं. मी तेव्हा सरांच्या ओट्यावरच बसले होते.

"साहेबांना यंदा कायतरी येगळं पायजे," त्यांतला एक म्हणाला. "डीजे तर समदेच लावत्यात. तुमी वरातीच्या म्होरं बसा, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर. लई भारी दिसंल, सर."

"नाही," सर म्हणाले.

"आवो, साहेबांनी सांगितलंय."

"नाही."

गाडी गेली. सर दुसऱ्यांदा नटवून काही बोलतील म्हणून मी वाट पाहत होते. ते बोलले, पण भलत्याच आवाजात.

"माझे आजोबा गावचं डफडं वाजवायचे," ते म्हणाले. त्यांचं गाव राहात्याजवळ. "लग्न कोणाचंही असो, बोलावणं यायचं. विचारणं नाही, बोलावणं. वरातीच्या पुढे चालायचं. नाचणारे दमत नाहीत तोवर वाजवायचं, बोटं फुटली तरी. आणि सगळ्या पंगती उठल्यावर जे उरेल ते आणायला माझी आई पातेलं घेऊन मागच्या अंगाला उभी राहायची. नवी नवरी होती ती."

पंगतीचं नाव काढल्यावर सर का हसले नव्हते, ते मला त्या दिवशी कळलं.

"छप्पन साली आमच्या घराने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. आजोबांनी डफडं फोडून चुलीत घातलं. तेव्हापासून आईचा कायदा आहे. ह्या घरातली पोरं शिकतील, पाहिजे ते करतील, वाजवणार नाहीत."

"आणि हे?" मी वाद्याच्या खोलीकडे पाहिलं.

"हे तिने एकदाच पाहिलं. म्हणाली, ज्याच्यापायी सासऱ्याची बोटं फुटली, ते तू हौसेनं घरात बांधलंस? आणि स्वयंपाकघरात जाऊन बसली. ती आली की मी झाकण लावतो."

सरांच्या आई गावाकडेच राहत. नव्वदीच्या पुढे, ताठ, तोंडाने तिखट. प्राध्यापक मुलाला "मास्तर" म्हणत. संगमनेरला आल्या की सर त्यांना विहारात न्यायचे, नदीवर न्यायचे. पण पुढच्या खोलीचं दार ओढलेलं असे. मायलेकांमध्ये ती एक खोली बंदच राहिली.

पुढे सरांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी करंगळी, मग चहाचा कप. डॉक्टर म्हणाले, गोळ्यांनी हे मंदावेल, पण थांबणार नाही. मला सरांनी हे त्यांच्या पद्धतीने सांगितलं. "मुरकी आता आपोआप येते. आपोआप येते, मॅडम, फक्त मी म्हणेन तिथे येत नाही." आणि मग साधेपणाने म्हणाले, "आईने एकदा ऐकायला पाहिजे होतं. हात आहे तोवर."

"मग वाजवा की त्यांच्यासमोर," वहिनी म्हणाल्या. "त्या काय मारणार आहेत?"

"तिच्या मनाविरुद्ध तिला ऐकवू? मग ट्रॉलीवर काय वाईट होतं?"

वहिनींनी माझ्याकडे पाहून हात झटकले. सर आईला विचारणार नाहीत, आई आपणहून म्हणणार नाहीत, आणि हात थांबणार नाही. असा तो पेच होता.

तो सुटला मोतीबिंदूमुळे. एप्रिलमध्ये सरांच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन संगमनेरला झालं. डॉक्टरांनी बजावलं, चुलीजवळ जायचं नाही, घाम डोळ्यात जाऊ द्यायचा नाही, गार खोलीत ठेवा. घरात गार खोली एकच होती. वहिनींनी कोणालाच न विचारता त्यांची खाट सवतीच्या खोलीत टाकली.

दोन-चार दिवसांनी मी मुगाची खिचडी घेऊन गेले. सरांच्या आई काळा चष्मा लावून खाटेवर बसल्या होत्या. मला "जय भीम, बाई" म्हणाल्या, खिचडीत मीठ कमी आहे म्हणाल्या, आणि मग वाद्याकडे हनुवटी करून म्हणाल्या, "मास्तर, ही पेटी कुनाच्या वरातीत नेतोस?"

सर दारातच उभे होते. "कोणाच्याच नाही, आये."

"एकदा टेम्पोत घातली हुती म्हनं."

"माझ्या निरोपाला. मीच नेली."

"मंग ह्येच्यावर नाचतं कोन?"

"कोणी नाही. नाच फार जुने आहेत, आये. राजेरजवाड्यांचे. नाचणारे मरून तीनशे वर्षं झाली."

"समदे?"

"सगळे."

सरांच्या आईंना ही बातमी आवडली असं मला वाटलं. कूलरचं पाणी टपटपत होतं.

"म्हंजी उठवून न्यायाला कुनी येनार न्हाई," त्या म्हणाल्या.

"नाही."

"कुनाला नाचवायाचं न्हाई."

"नाही, आये."

"बघू मंग," त्या म्हणाल्या. "कूलर बंद करा, काय ऐकू येत न्हाई त्यात."

वहिनींनी कूलर बंद केला. सर बसले. त्या दिवशी त्यांना सुरू करायला जो वेळ लागला तो मुद्दामचा नव्हता. पहिला पाहुणा आला, नीट, सावकाश. दुसरा पळत आला. त्याचा एक पाय अडखळला, पण त्याला ते शोभून गेलं. तिसऱ्याच्या वेळी सरांचा हात थरथरत होता आणि जे स्वर एकटे राहायला हवे होते त्यांच्या शेजारी नको ते स्वर हलकेच वाजत होते. मी सरांच्या आईंकडे पाहिलं. काळ्या चष्म्यामुळे काही कळेना. त्यांचा हात मात्र मांडीवर पालथा पडला होता, आणि बोटं हलत होती. दर तीन मात्रांतल्या दुसरीला ती दाबली जात होती. ज्या घरात डफडं होतं त्या घरात त्या नांदायला आल्या होत्या. ठेका त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती.

चौथा नाच सुरू झाला. उड्यांचा. थोडा वेळ उड्या पडल्या आणि मग सरांचा उजवा हात पट्ट्यांवर नुसताच आपटला. त्यांनी परत सुरू केलं. परत तेच. तिसऱ्यांदा त्यांनी हात उचलून मांडीवर घेतला आणि डाव्या हाताने दाबून धरला.

"सपलं?" सरांच्या आईंनी विचारलं.

"नाही. थोडं राहिलंय. हात चालत नाही, आये."

"मंग बस की जरा," त्या म्हणाल्या. "कुनाची वरात खोळंबलीया?"

सर बसून राहिले. वहिनींनी डोळे पुसायला पदर घेतला आणि कपाळ पुसलं. मग सरांनी हात पुन्हा पट्ट्यांवर ठेवला आणि तो नाच सोडला होता तिथून उचलला. फार हळू. त्यात उडी उरली नव्हती, पण पाऊल पडत होतं, एकामागून एक, आणि खाटेवरची बोटं त्या चालीला सांभाळून घेत होती.

एवढ्यात बाहेरची कडी वाजली. शेजारचं कोणीतरी डोळ्याची चौकशी करायला आलं होतं. सरांचे हात थबकले, वहिनी उठायला लागल्या. पण सरांच्या आईंनी वहिनींचं मनगट धरून त्यांना खाली बसवलं आणि दाराकडे तोंड करून खणखणीत आवाजात सांगितलं,

"भाईर थांबा! माझा मास्तर वाजिवतोय."